बर्फाची परीक्षा

वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत बर्फाचे नाव काढले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्याने काय येते, हे सांगावयास ज्योतिषी नको. दिवसभर उन्हाने रस्ते तापलेले असतात, संध्याकाळी मंडळी सभास्थानी येतात, आणि वाटेत कोणी उसाच्या रसाचा बर्फ घातलेला पेला पिऊन आलेला असतो. अशा वेळी बर्फ म्हणजे केवळ सुख. परंतु त्या पेल्याच्या बाहेरच्या अंगावर जमलेल्या पाण्याच्या थेंबांकडे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? ते पाणी रसातून पाझरलेले नसते. ते हवेतले असते. गार पेला दिसताच हवेतील बाष्प त्याच्यावर येऊन बसते. हेच क्षुल्लक थेंब आमच्या आजच्या विषयाच्या मुळाशी आहेत. विमानात शेकडो इलेक्ट्रॉनिक उपकरणे असतात. त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये असे पाणी जमले व गोठले तर काय होते, आणि तसे होऊ नये म्हणून त्यांची परीक्षा कशी घेतात, एवढाच आमचा विषय आहे.

विमानाचा आणि बर्फाचा संबंध काढला, की आपणांस वाटते, बर्फाच्या ओझ्याने विमान खाली येत असेल. पंखांवर बर्फ बसला तर त्यांचा आकार बिघडतो, हवेचा आधार कमी होतो आणि धोका उत्पन्न होतो, हे खरेच आहे. पण बर्फाचे दुसरे एक कर्म याहून अधिक कपटी आहे. बर्फ यंत्राला खोटे बोलावयास लावतो.

एक घडलेली गोष्ट सांगतो. १३ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडा कंपनीचे बोइंग ७३७ जातीचे विमान उड्डाणासाठी निघाले. इंजिन किती जोर लावीत आहे हे वैमानिकाला कळावे म्हणून त्यात एक सोपी युक्ती केलेली असते. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजावयाचा, मागे बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब मोजावयाचा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावयाचे. भागाकार मोठा, तर जोर मोठा. त्या दिवशी तोंडाशी दाब मोजणारी छिद्रे बर्फाने बुजली होती, आणि इंजिनाचा बर्फ वितळविणारी यंत्रणा वैमानिकांनी सुरू केलेली नव्हती. त्यामुळे पुढचा दाब आहे त्याहून कमी मोजला गेला. भाजक लहान झाला म्हणजे भागाकार फुगतो, हे चौथीतला मुलगाही सांगेल. काटा २.०४ दाखवीत होता. प्रत्यक्षात जोर १.७० च्या सुमाराचा होता. धावपट्टीवर धावतानाच सहवैमानिकाला काहीतरी चुकते आहे असे वाटले व त्याने ते बोलूनही दाखविले. पण काटा ठीक होता! विमान जेमतेम उचलले गेले, आणि सुमारे अर्ध्या मिनिटात पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून गोठलेल्या पात्रात कोसळले. विमानातील ७४ आणि पुलावरील ४ अशी ७८ माणसे गेली. पंखांवरही बर्फ होता हे खरे, परंतु इंजिनांत अजून जोर शिल्लक असताना वैमानिकांनी तो वेळेवर मागितला नाही. तो शिल्लक आहे हे सांगणारे उपकरण आंधळे झाले होते, आणि आंधळे झाल्याचे ते सांगत नव्हते.

आता हे पाणी विमानाच्या उपकरणांपर्यंत पोहोचते कसे, ते पाहू. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट आपल्या रसाच्या पेल्याची. ३५,००० फुटांवर बाहेरची हवा सर्वसाधारणपणे उणे ५४ अंश सेल्सियसच्या आसपास असते. चारसहा तास अशा हवेतून आलेले विमान जुलै महिन्यात मुंबईला उतरते, तेव्हा त्याचे अंग आणि ज्या भागांत ऊब पोहोचत नाही तेथील उपकरणे अजून गारठलेलीच असतात. बाहेर मुंबईची पावसाळी हवा, बाष्पाने ओथंबलेली. ते बाष्प त्या गार पेट्यांवर दव होऊन, आणि फारच गार असल्या तर हिमाचा पातळ थर होऊन बसते. तासाभराने विमान पुन्हा वर गेले की तेच पाणी गोठते. म्हणजे बर्फ ही काही केवळ थंड देशांची पीडा नाही. आपल्या कोकणपट्टीतील दमट हवाही तिला पाणी पुरविते.

दुसरी वाट अधिक चमत्कारिक आहे. इलेक्ट्रॉनिक पेट्या श्वास घेतात! पेटी अगदी हवाबंद नसली, तर विमान वर चढते तेव्हा बाहेरचा दाब घटतो आणि पेटीतील हवा फटीफटींतून बाहेर पडते. विमान उतरते तेव्हा बाहेरची हवा आत शिरते, आणि ती जमिनीलगतची, ओलसर असते. आत येताच तिच्यातील बाष्प थंड भिंतींवर जमते. पुढच्या उड्डाणात हवा बाहेर जाते, पण जमलेले पाणी सगळे जात नाही. दररोज चारदोन उड्डाणे, आणि प्रत्येक उड्डाणाला एक श्वास. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. येथे ती संकटाला लागू पडते.

तिसरी वाट ढगांतून जाते. पाणी शून्य अंशाला गोठते असे आपण शाळेत शिकलो. ढगातील सूक्ष्म थेंब मात्र हा नियम पाळीत नाहीत. गोठण्यास आरंभ करावयाला त्यांना धुळीच्या कणासारखा काही आधार लागतो. तो न मिळाल्यास ते शून्याखाली, कधी कधी उणे ४० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत, पातळच राहतात. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. विमान त्यात शिरले, की हे थेंब त्याच्या नाकावर, पंखांच्या कडेवर आणि बाहेर डोकावणाऱ्या प्रत्येक संवेदकावर आपटतात आणि आपटताच गोठतात. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तपमान शून्याला पोहोचते आणि मेघ त्याच्याही बरेच वर जातात. तेव्हा अतिशीत पाणी शोधावयास ध्रुवप्रदेशात जावे लागत नाही. पुण्याची भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था २००९ सालापासून उपकरणांनी सज्ज विमाने ढगांत पाठवून जे संशोधन करीत आली आहे, त्यात हे थेंब आणि हिमकण यांचाच अभ्यास आहे. पुढे सोलापूरच्या परिसरातही हे काम झाले.

आत शिरलेले पाणी काय काय करते? गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते. माठात पाणी ठेवून तो गोठविला तर माठ तडकेल. तसेच बारीक फटीत गोठलेले पाणी आवरण उचलते आणि डाखलेले सांधे ताणते. हलणारा भाग असेल तर त्याला जखडून टाकते. छिद्र असेल तर बुजवून टाकते. आणि गंमत अशी, की विजेच्या दृष्टीने खरा धोका बर्फ असताना नसून तो वितळताना असतो. शुद्ध बर्फातून वीज फारशी वाहत नाही. पण तो वितळला, त्या पाण्यात धूळ, क्षार, डाख देताना राहिलेला मळ विरघळला, की दोन तारांमध्ये पाण्याचा पूल तयार होतो. त्या पुलावरून नको तेथे वीज झिरपते, धातूचे कण एका तारेकडून दुसरीकडे सरकू लागतात आणि केसासारखे बारीक धातूचे अंकुर फुटून दोन्ही तारा जोडल्या जातात. म्हणून चांगल्या सर्किट बोर्डावर लाखेसारख्या रोगणाचा पातळ लेप देतात, आणि पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यास मुद्दाम वाट ठेवतात.

परंतु लेप दिला, वाट ठेवली, एवढ्याने कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि ठेवूही नये. येथून परीक्षेचा भाग सुरू होतो. विमानातील उपकरणांना कोणकोणत्या हवामानातून आणि हालअपेष्टांतून नेऊन पाहावे, यासाठी अमेरिकेतील आर.टी.सी.ए. या संस्थेने १९७५ साली 'डीओ-१६०' या नावाची नियमावली काढली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत आल्या आणि ती जगभर मान्य आहे. तिचे चोविसावे प्रकरण बर्फाला वाहिलेले आहे. त्यात तीन प्रकारच्या परीक्षा सांगितल्या आहेत, आणि श्रोत्यांच्या लक्षात येईल की आम्ही आताच सांगितलेल्या पाण्याच्या वाटांशी त्या बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत.

पहिली परीक्षा रसाच्या पेल्याची. उपकरण बंद ठेवून एका कोठीत खूप गारठवितात. मग शक्य तितक्या लवकर त्याला ३० अंशांच्या आणि ९५ टक्के आर्द्रतेच्या हवेत आणतात. मुंबईचा जुलै महिना जणू पेटीत भरून ठेवलेला! उपकरणावर हिम बसते, वितळते, आणि अंगाचे तपमान शून्याच्या थोडे वर आले की त्याला पुन्हा गारठ्यात ढकलतात. असे तीनदा. शेवटी बर्फ अंगावर असतानाच, उणे १० अंशांच्या सुमारास, ते चालू करून पाहतात.

दुसरी परीक्षा श्वासाची. ज्या उपकरणांत हलणारे भाग आहेत किंवा ज्यांच्या आत पाणी साचून फुगण्याचे भय आहे, त्यांच्यासाठी ती आहे. उपकरण उणे २० अंशांपर्यंत थंड करून कोठीतील दाब उंच आकाशातल्याइतका कमी करतात. नंतर आर्द्रता भरपूर ठेवून तपमान हळूहळू शून्याच्या वर आणतात, आणि मग दाब पूर्ववत् करतात. त्या क्षणी उपकरण ओली हवा आत ओढून घेते. हा क्रम पंचवीस वेळांपर्यंत करावयाचा असतो. एका आवर्तनात जे दिसत नाही ते पंचविसात दिसते.

तिसऱ्या परीक्षेत उपकरणावर पाणी फवारून त्याचा टणक, पारदर्शक बर्फ होऊ देतात, आणि किती जाडीपर्यंत उपकरण काम करते ते मोजतात. पाणी कोणत्या तपमानाला फवारावे हेही प्रयोगानेच ठरवावे लागते. फार गार असेल तर भुसभुशीत, पांढरा बर्फ होतो आणि तो सहज निघतो. शून्याच्या थोडेच खाली असेल तर काचेसारखा बर्फ बसतो, आणि तोच हट्टी असतो. अमेरिकन सैन्याच्या १९६२ साली प्रथम निघालेल्या 'मिल-एसटीडी-८१०' या नियमावलीतही अशीच परीक्षा आहे. तिच्यात बर्फाची जाडी ६ मिलिमीटरपासून ७५ मिलिमीटरपर्यंत चढत्या पायऱ्यांनी दिलेली आहे.

याशिवाय वाऱ्याचे बोगदे आहेत. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९४४ साली सुरू झालेल्या बोगद्यात अतिशीत थेंबांचा ढग निर्माण करून तो वेगाने पंखांवर आणि संवेदकांवर सोडतात. फ्लोरिडा राज्यात, जेथे बर्फ औषधालाही मिळत नाही तेथे, १९४७ सालापासून एक प्रचंड प्रयोगशाळा आहे. तिच्यात सबंध विमान उभे करून गारठविता येते.

एवढी व्यवस्था आहे, तर मग अपघात का व्हावेत, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. आमच्या मते या विषयाचा गाभा तेथेच आहे.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या पर्पिन्याँ या गावी एक एअरबस ए-३२० विमान दुरुस्ती व रंगकाम आटोपून मालकाला परत द्यावयाचे होते. रंग देण्यापूर्वी, २४ तारखेला, धूळ जावी म्हणून त्यावर नळाने पाण्याचा जोरदार फवारा मारण्यात आला. विमानाच्या नाकाजवळ छोटी फिरती पाती असतात. विमान हवेला कोणत्या कोनात भिडत आहे ते ती सांगतात. ती झाकून घ्यावयास हवी होती, ती झाकली गेली नाहीत, आणि पाणी आत गेले. २७ तारखेला विमान उंच गेले, पाणी गोठले, आणि तीनपैकी दोन पाती एकाच जागी जखडली. विमानातील संगणक तिन्ही पात्यांची साक्ष घेतो आणि एखादे वेगळे बोलू लागले तर त्याला खोटे ठरवितो. येथे दोघे गोठलेले साक्षीदार एकमताने तेच तेच सांगत होते. खरे बोलणारे तिसरे पाते बहुमताने बाद झाले! वैमानिक त्याच वेळी कमी उंचीवर विमान मुद्दाम हळू करून, वेग फार घटला तर यंत्रणा आपोआप सांभाळते की नाही, याची खात्री करून घेत होते. त्यासाठी ती उंची पुरेशी नव्हती, हेही चौकशीत निघाले. यंत्रणेने सांभाळले नाही. विमानातील सातही माणसे समुद्रात बुडाली.

यानंतर सात महिनेही झाले नाहीत, तोच १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरावर नाहीसे झाले. त्यात २२८ माणसे होती. त्याचा सांगाडा २०११ सालच्या एप्रिलमध्ये, सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळाशी सापडला. नोंदी वर काढल्यावर कळले ते असे. विमानाचा वेग पिटो नळ्यांनी मोजतात. आँरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी केलेली ही युक्ती. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत दाब किती चढतो त्यावरून वेग काढावयाचा. त्या विमानावर अशा तीन नळ्या होत्या, आणि तिन्ही विजेने तापविलेल्या होत्या. ३५,००० फुटांवर वादळी मेघांच्या प्रदेशात बर्फाचे कोरडे, सूक्ष्म कण एवढे होते, की नळ्या एक मिनिटाहून कमी काळ, पण जवळजवळ एकाच वेळी, बुजल्या. वेगाचे आकडे परस्परांशी जुळेनात. स्वयंचालकाने काम सोडून दिले. काळोखात, गोंधळलेल्या अवस्थेत, विमानाचे नाक वर ओढले गेले, पंखांचा हवेवरचा आधार सुटला, आणि स्वयंचालक सुटल्यापासून ४ मिनिटे २३ सेकंदांनी सर्व संपले.

त्या नळ्या परीक्षेत उतरलेल्या होत्या. वाचकांनी या वाक्यावर क्षणभर थांबावे. त्या वेळच्या नियमांनी जे विचारले, त्याचे उत्तर त्यांनी बरोबर दिले होते. नियमांचा मुख्य भर अतिशीत थेंबांवर होता. पण एवढ्या उंचीवर गाठ पडली ती बर्फाच्या कणांशी. थेंब पातळच असतो, त्याला गोठू दिले नाही म्हणजे झाले. कण आधीच गोठलेला असतो. त्याला वितळवावयास दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्णता वर द्यावी लागते. थेंबांना पुरून उरणारी ऊब कणांच्या लोंढ्यापुढे अपुरी पडली. शिवाय कोरडे कण थंड पंखांवरून उडून जातात, चिकटत नाहीत. त्यामुळे पंख स्वच्छ आणि नळ्या बंद, अशी विलक्षण स्थिती होते.

यावरून आम्हाला जे सांगावयाचे आहे ते हे. परीक्षा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाविषयी ती मौन पाळते, आणि आपण त्या मौनाला होकार समजतो. तीन साक्षीदार ठेवले म्हणजे सत्य सुरक्षित झाले असे आपण मानतो. पण तिघेही एकाच घडणीचे आणि एकाच थंडीत उभे असतील, तर तिघे एकदमच मुके होतात. बर्फाच्या परीक्षांचा इतिहास म्हणजे विचारावयाचे राहून गेलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे, आणि प्रत्येक राहिलेल्या प्रश्नाची किंमत कोणाच्या तरी घरच्या माणसांनी दिलेली आहे. १९९४ साली अमेरिकेत रोझलॉन येथे ६८ माणसे गेली, तेव्हा मोठ्या आकाराच्या अतिशीत थेंबांचा प्रश्न पुढे आला. अटलांटिकच्या अपघाताने हिमकणांचा प्रश्न पुढे आणला. २०१५ सालापासून अमेरिका आणि युरोप या दोन्हींच्या नियमांत मोठे थेंब व हिमकण या दोहोंचा समावेश झाला आहे. उशिरा का होईना, प्रश्नपत्रिका वाढली.

दुसरी एक गोष्ट आम्हाला याहूनही महत्त्वाची वाटते. उपकरण बर्फात चालावे हे इष्टच आहे. पण ते जेव्हा चालणार नाही, तेव्हा काय बोलेल, याचीही परीक्षा झाली पाहिजे. अटलांटिकवरच्या त्या विमानात धोक्याची सूचना वाजत होती. मोजलेला वेग ६० नॉट्सच्या खाली गेला की यंत्रणा कोनाचे मापन अग्राह्य मानी व सूचना बंद पडे. वैमानिकाने नाक थोडे खाली केले, म्हणजे योग्य तेच केले, की मापन पुन्हा ग्राह्य होऊन सूचना पुन्हा वाजू लागे! जणू यंत्र सांगत होते की बरोबर वागाल तर ओरडेन. हा दोष तारेचा नव्हता, डाखाचा नव्हता. न कळणे आणि धोका नसणे या दोन गोष्टींत यंत्राला फरक करता येत नव्हता.

माणसांतही आपण दोन प्रकार पाहतो. एकाला वाट विचारली आणि त्याला ठाऊक नसली, तर तो तसे सांगतो. दुसरा ठाऊक नसतानाही हात करून कुठली तरी दिशा दाखवितो. प्रवाशाला पहिल्याने फारसे साह्य होत नाही, पण दुसऱ्याने त्याचा घात होतो. विमानातील उपकरणांकडून आपणांस निदान पहिल्या माणसाचा प्रामाणिकपणा हवा आहे. मला दिसत नाही, असे वेळेवर म्हणणारे उपकरण हे न गोठणाऱ्या उपकरणाच्या खालोखाल मोलाचे आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज दूरदेशी आहेत. रात्री अपरात्री त्यांना विमानतळावर पोहोचवून आपण घरी परततो आणि सुखरूप पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत जागे राहतो. ते विमान ज्या उणे ५४ अंशांतून जाते, तेथे कोठल्या तरी कोठीत पंचवीस वेळा गारठविलेली आणि पंचवीस वेळा भिजविलेली एक पेटी आपले काम मुकाट्याने करीत असते. तिची परीक्षा घेणाऱ्याचे नाव आपणांस कधी कळणार नाही. त्याने एखादा प्रश्न अधिक विचारला असेल, तर ते कळण्याचा प्रसंगच येणार नाही. तेव्हा आज घरी जाताना हातात गार पेला आला, तर त्याच्या बाहेरच्या थेंबांकडे एकदा पाहावे. प्रश्न तेथूनच सुरू होतो.